स्वस्त इलेक्ट्रिक गिटार : बांधणी आणि सुधारणा

भारतातल्या दुकानांत साधारण १० ते २५ हजार रुपयांना मिळणारी इलेक्ट्रिक गिटार आणि तिच्या दहापट किमतीची गिटार शेजारी शेजारी टांगलेल्या असल्या, तर लांबून त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. आकार तोच, तारा सहाच, पिकअपची संख्याही तीच. फरक कळतो तो हातात घेतल्यावर. नेकवरून हात फिरवताना फ्रेटची टोके बोटांना टोचतात, सुरुवातीच्या फ्रेटवर कॉर्ड धरली की सूर किंचित चढा लागतो, मध्येच एखाद्या जागी तार खरखरते. या तक्रारींचे मूळ लाकडात किंवा रचनेत क्वचितच असते. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी कुशल कारागिराचे जे काही तास वाद्यावर खर्च व्हायला हवेत, ते किंमत उतरवताना सर्वांत आधी कापले जातात. त्यामुळे स्वस्त गिटार सुधारण्याचे काम प्रामुख्याने ते राहिलेले तास भरून काढण्याचे असते, आणि सुटे भाग बदलण्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

इलेक्ट्रिक गिटार स्वस्तात बनवता येते ती मुळात लिओ फेंडर यांच्या रचनेमुळे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हते. वाद्ये घडवणाऱ्या घराण्यांचे संस्कार त्यांच्यावर नव्हते आणि त्यांनी गिटारीकडे सुट्या भागांची जोडणी म्हणून पाहिले. १९५० मध्ये बाजारात आलेली आणि पुढे टेलिकास्टर या नावाने ओळखली गेलेली त्यांची गिटार म्हणजे लाकडाची सपाट, भरीव बॉडी आणि तिला चार स्क्रूंनी जोडलेला नेक. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही तेच तत्त्व राहिले. गिब्सनने १९५२ मध्ये आणलेल्या लेस पॉलची घडण याच्या अगदी उलट. तिच्या बॉडीचा पृष्ठभाग कोरून उंचवटा दिलेला, नेक चिकटवलेला आणि हेडस्टॉक मागे कललेला. असा कललेला हेडस्टॉक एकाच तुकड्यातून काढायला जाड लाकूड लागते, सांधा बसवायला कारागीर लागतो, आणि एकदा चिकटवल्यावर चूक निस्तरणे अवघड जाते. फेंडर यांच्या पद्धतीत चुकलेला नेक काढून दुसरा लावता येतो. आज स्वस्त गिटारी बहुतांशी स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या दिसतात, त्यामागे उत्पादनाचे हे गणित आहे. घरच्या घरी भाग बदलण्याची सोयही त्याच स्क्रूंनी करून दिली.

साहित्य हलके असूनही वाद्य चांगले होऊ शकते, याचा जुना पुरावा म्हणजे डॅनइलेक्ट्रो. नेथन डॅनियल यांनी १९५० च्या दशकात न्यू जर्सीत बनवलेल्या या गिटारींची बॉडी भरीव लाकडाची नव्हती. पॉप्लरच्या चौकटीवर मेसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून बनवलेल्या पातळ तक्त्या ठोकलेल्या असत. पिकअपची आवरणे म्हणून लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या होत्या. सीअर्स ही साखळी हाच माल सिल्व्हरटोन या नावाने विकत असे. इतक्या काटकसरीने बनलेली डॅनइलेक्ट्रो जिमी पेज यांनी लेड झेपेलिनच्या भव्य मैफलींत वापरली. डॅनियल यांनी काटकसर केली ती दिखाव्यात. तारांना जिथे आधार मिळतो आणि त्यांची थरथर जिथे टिपली जाते, त्या जागा त्यांनी सांभाळल्या. स्वस्त गिटार पारखताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

अमेरिकेबाहेरच्या कारखान्यांची कहाणी जपानपासून सुरू होते. १९७० च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकी गिटारींच्या हुबेहूब नकला करू लागले. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने हेडस्टॉकच्या आकारावरून आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा ठोकला. फेंडर कंपनीने वेगळी वाट धरली. तिने १९८२ मध्ये जपानी भागीदारांसह तिथेच कंपनी काढली आणि फुजिगेनच्या कारखान्यात गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. त्यांतल्या स्वस्त मालाला स्क्वायर हे नाव दिले. हे नाव होते मिशिगनमधल्या तारा बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचे. ती फेंडरने १९६५ मध्येच विकत घेतली होती. सुरुवातीच्या त्या जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. जपानमधली मजुरी वाढत गेली तसे काम आधी कोरियात आणि १९९० च्या दशकापासून इंडोनेशिया व चीनमध्ये गेले. कोरियाच्या कॉर्ट कंपनीच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात तिच्या स्वतःच्या गिटारींसोबत इतर अनेक नामांकित ब्रँडच्या गिटारी बनतात. यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतली स्वस्त मॉडेलही इंडोनेशियातलीच.

या स्थलांतराइतकाच मोठा बदल घडवला तो संगणकाने चालणाऱ्या कटाई यंत्रांनी. फ्रेटच्या जागा गणिताने ठरलेल्या असतात. प्रत्येक फ्रेटची जागा उरलेल्या तारेची लांबी १७.८१७ ने भागून मिळते, म्हणजे ६४८ मिलिमीटर लांबीच्या फेंडर मापात पहिली फ्रेट नटपासून, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या पट्टीपासून, सुमारे ३६.४ मिलिमीटरवर येते. हाताने करवत चालवणारा दमलेला कामगार इथे चुकू शकत होता. यंत्र चुकत नाही. नेकची जाडी, नेक बसवायचा खड्डा, पिकअपच्या जागा हे सगळे आता स्वस्त गिटारीतही महागड्या गिटारीइतकेच नेमके कापलेले असते. साठच्या दशकातल्या स्वस्त गिटारींचे नेक वाकडे आणि फ्रेट चुकीच्या जागी असत. त्या काळी बनलेले ‘स्वस्त म्हणजे टाकाऊ’ हे मत आजच्या मालाला लागू पडत नाही.

लाकडात बचत होतेच. महाग गिटारीत अल्डर, अ‍ॅश किंवा महोगनी असते, तर स्वस्त गिटारीत पॉप्लर, बासवूड, अगॅथिस आणि अगदी खालच्या पायरीवर प्लायवूड. बॉडी दोन-तीन तुकड्यांऐवजी पाच-सहा तुकडे चिकटवून केलेली असते आणि वरच्या जाड पॉलियुरेथेन लेपाखाली ते जोड झाकले जातात. काही मॉडेलमध्ये बॉडीची जाडीच नेहमीच्या सुमारे ४५ मिलिमीटरवरून ४० च्या आसपास आणलेली असते. आवाजाच्या दृष्टीने या सगळ्याचा जितका बाऊ केला जातो तितका तो ठरत नाही. पिकअप लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलणारी पोलादी तार टिपतो. बॉडीचा परिणाम होतो तो तार किती वेळ आणि कशी हलते यावर, आणि तो पिकअप, तारांची उंची व अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मानाने लहान असतो. बासवूड तर अनेक महागड्या आयबानेझ गिटारींतही वापरले जाते. मऊ लाकडाचा खरा तोटा वेगळा आहे: त्यात स्क्रू वारंवार काढले-घातले की भोके सैल होतात. पट्टा अडकवायची बटणे आणि ब्रिजचे स्क्रू आधी याच कारणाने निसटतात. अशा भोकात लाकडी काडी गोंद लावून ठोकावी आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवावा. ही दुरुस्ती टिकते.

फिंगरबोर्डच्या लाकडाची गोष्ट मात्र थेट सह्याद्रीपर्यंत येते. गिटारीला दशकानुदशके शिसवी लाकूड लागत आले, आणि त्यात भारतीय शिसवीला मोठी मागणी होती. बेकायदा तोडीला आळा घालण्यासाठी सायटीस या आंतरराष्ट्रीय करारात शिसवीच्या वंशातल्या सर्व जाती २ जानेवारी २०१७ पासून नियंत्रित यादीत घातल्या गेल्या. गिटारीमागे परवान्याची कागदपत्रे लागू लागल्यावर स्वस्त माल बनवणाऱ्यांनी पर्याय शोधला. त्यांतला सर्वांत रुळलेला पर्याय ‘इंडियन लॉरेल’ या व्यापारी नावाचा, आणि हे लाकूड म्हणजे आपल्या जंगलांतला ऐन. २०१९ मध्ये तयार वाद्यांना या नियमातून सूट मिळाली, तरी स्क्वायर आणि एपिफोनच्या अनेक गिटारींवर ऐनाचाच फिंगरबोर्ड कायम राहिला. रंगाने तो शिसवीपेक्षा थोडा फिका आणि रेषांनी जाडसर असतो, पण कठीण आणि टिकाऊ. अशी गिटार घेणाऱ्याने या लाकडाला दुय्यम समजण्याचे कारण नाही. ते कोरडे पडले की त्याला फिंगरबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचा हलका हात द्यावा. मेपलच्या लाखलेल्या फिंगरबोर्डला तेल लावू नये.

नेक हा गिटारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. ९ ते ४२ मापाच्या साध्या तारांचा संच स्वरात लावला की नेकवर सुमारे ३८ किलोचा ताण येतो. त्या ताणाला तोंड देण्यासाठी लाकडाच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. गिब्सनमध्ये १९२० च्या दशकात थॅडियस मॅकह्यू यांनी समायोजित करता येणाऱ्या सळईचे पेटंट घेतले, तेव्हापासून ती जवळपास सर्वत्र आली. स्वस्त गिटारीतही ही सळई चांगले काम करते. नेकला त्रास होतो तो हवामानाचा. इंडोनेशियात किंवा चीनमध्ये वाळवलेला नेक पावसाळ्यातल्या कोकणात ओलावा शोषतो, आणि तोच नेक उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या हवेत आकसतो. नेकचा बाक बदलतो, आणि फिंगरबोर्ड अरुंद झाल्याने फ्रेटची टोके कडेने बाहेर डोकावतात, कारण धातू आकसत नाही. दुकानात गुळगुळीत वाटलेली गिटार मे महिन्यात बोटे सोलते ती यामुळे. वाद्याला सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते. ती घरात राखणे आपल्याकडे कठीण, पण गिटार एसीच्या झोतात, खिडकीच्या उन्हात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून न ठेवणे सहज जमण्यासारखे आहे.

राहिलेल्या तासांचा हिशेब मांडायचा तर सुरुवात फ्रेटपासून करावी लागते. फ्रेटची तार तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाची असते. तिला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण तिच्यात चांदी मुळीच नसते. कारखान्यात ती खाचांत दाबून बसवली जाते. महाग गिटारीत त्यानंतर सगळ्या फ्रेटचे माथे एका पातळीत घासतात, प्रत्येक माथा पुन्हा गोल करतात, टोके बोथट करून चकाकी देतात. स्वस्त गिटारीत ही कामे उरकलेली असतात. एखादी फ्रेट केसभर उंच राहिली की तिच्या मागच्या फ्रेटवर धरलेली तार तिच्यावर आपटते आणि खरखर येते. मालक मग तारा उंच करतो, खरखर थांबते, पण वाजवताना बोटे दुखतात आणि शिकणारा दोन महिन्यांत गिटार कोपऱ्यात ठेवतो. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा पूर्ण घडला तरी जवारी काढेपर्यंत तो वाद्य म्हणून पुरा होत नाही. फ्रेटवरचे हे शेवटचे हातकाम त्याच जातीचे आहे.

फ्रेटची टोके घरी घासता येतात. फिंगरबोर्डवर चिकटपट्टी लावावी आणि बारीक कानशीने टोकांचा कोपरा मोडावा. मग क्रमाक्रमाने अधिक बारीक पॉलिश पेपर फिरवावा. स्टील वूल वापरायचे असेल तर आधी पिकअप कागदाने व चिकटपट्टीने पूर्ण झाकावेत. नाहीतर त्याचे पोलादी तंतू चुंबकाला चिकटतात आणि सहजी निघत नाहीत. सर्व फ्रेट एका पातळीत आणण्याचे काम मात्र सवयीच्या हाताकडे द्यावे. जास्त घासलेली फ्रेट परत उंच करता येत नाही.

फ्रेटनंतर येतो नट, म्हणजे हेडस्टॉक आणि फिंगरबोर्ड यांच्या सांध्यावरची सहा खाचांची पट्टी. स्वस्त गिटारीत ती बहुधा साध्या प्लॅस्टिकची, कधी पोकळ असते. तिच्यातला मोठा दोष पदार्थापेक्षा खाचांच्या खोलीत असतो. कारखाना खाचा उथळ ठेवतो, कारण जास्त खोल गेलेली खाच म्हणजे वाया गेलेला नट. उथळ खाचेची तक्रार घेऊन कोणी परत येत नाही. पण उथळ खाचेमुळे पहिल्या तीन फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळ्या तारा अचूक लावूनही साध्या कॉर्ड बेसूर वाटतात आणि दोष वाजवणाऱ्याच्या कानाला दिला जातो. पारख सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहावी. ती कागदाच्या जाडीइतकीच असली पाहिजे. जास्त असेल तर तारेच्या मापाच्या कानशीने खाच खोल करावी लागते.

तार सतत उतरण्याच्या तक्रारीतही गुन्हेगार बहुधा नटच असतो, शिक्षा होते खुंट्यांना. खाच अरुंद असली की तार तिच्यात अडकते, खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही आणि मग ‘टिंग’ असा आवाज करून एकदम उडी मारतो. तार वाकवून किंवा ट्रेमोलो दाबून सोडल्यावर ती मूळ जागी परतत नाही. तिसरी तार यात सर्वांत बदनाम. खाच किंचित रुंद करून तिच्यात मऊ पेन्सिलीचे शिसे घासले की पुष्कळदा एवढ्यानेच गिटार सुरात राहू लागते. नवा नट बसवायचाच असेल तर हाडाचा किंवा कृत्रिम हस्तिदंतासारख्या दाट पदार्थाचा घ्यावा. तो स्वस्त असतो. पैसे लागतात ते खाचा कापणाऱ्या हाताचे.

याच्या जोडीने येते ते सेटअप, म्हणजे सगळ्या समायोजनांचा एकत्र मेळ. त्यात क्रम मोडून चालत नाही. नव्या तारा लावून, त्या स्वरात आणून आधी नेकचा बाक पाहतात. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबली असता सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. ती मोजायला गॅरेजमध्ये वापरतात तो फीलर गेज चालतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा कसावा आणि नेक स्थिरावला की पुन्हा मोजावे. मग ब्रिजवरच्या सॅडलच्या स्क्रूंनी तारांची उंची ठरवतात. बाराव्या फ्रेटवर ती १.६ ते २ मिलिमीटर असली की बहुतेकांना सोयीची पडते. त्यानंतर प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या अष्टकाशी जुळवतात. तो चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे घेतात. शेवटी पिकअपची उंची. पिकअप फार वर घेतला तर त्याचे चुंबक जाड तारांना ओढू लागतात आणि एकाच तारेतून दोन थरथरते स्वर आल्यासारखे वाटते. गिटार बिघडली अशी समजूत करून देणारा हा दोष दोन स्क्रू थोडे खाली घेतल्यावर नाहीसा होतो.

इथवर एकही भाग बदललेला नाही, आणि स्वस्त गिटारीतल्या सुधारणेचा मोठा वाटा इथेच मिळून जातो. नव्या खरेदीदाराने पहिला खर्च चांगल्या तारा आणि जाणकाराकडून करून घेतलेला सेटअप यांवर करावा. नवे पिकअप आधी घेण्याची घाई पैशांची नासाडी ठरते. फ्रेट आणि नट बिघडलेले असताना उत्तम पिकअप ती खरखर आणि तो बेसूरपणाच अधिक स्पष्ट ऐकवतो.

बदलण्याजोग्या भागांत खुंट्यांचा क्रमांक आधी लागतो. हलक्या खुंट्यांचे दाते ढिले असतात आणि फिरवण्याची दिशा बदलली की अर्धा फेरा रिकामा जातो. चांगल्या खुंट्यांत हा रिकामा खेळ जवळपास नसतो, आणि १४ ऐवजी १८ फेऱ्यांचे गुणोत्तर असेल तर बारीक फरक साधणे सोपे जाते. तार आपोआप जखडणाऱ्या लॉकिंग खुंट्या तारा बदलण्याचा वेळ वाचवतात. खरेदीपूर्वी हेडस्टॉकच्या भोकाचा व्यास आणि मागच्या स्क्रूची जागा मोजणे आवश्यक आहे. आशियाई आणि अमेरिकी मापे जुळत नाहीत. ब्रिजचेही तसेच. आशियाई बनावटीत पहिल्या आणि सहाव्या तारेमधले अंतर अनेकदा ५२.५ मिलिमीटर असते, जुन्या अमेरिकी स्ट्रॅटोकास्टरमध्ये ते सुमारे ५६ असते. स्ट्रॅटच्या ब्रिजखालचा ठोकळा स्वस्त गिटारीत जस्ताच्या मिश्रधातूचा आणि पातळ असतो. त्याजागी जाड पोलादी ठोकळा बसवला की स्वर थोडा अधिक वेळ टिकतो. मात्र ४० मिलिमीटर जाडीच्या बॉडीत पूर्ण उंचीचा ठोकळा मागून बाहेर येतो. ट्रेमोलो वापरायचाच नसेल तर मागच्या स्प्रिंग घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवणे हा फुकटचा आणि खात्रीचा उपाय आहे.

आतल्या विजेच्या कामात बचत सर्वांत उघडी पडते. पिकगार्ड उचलले की लहान आकाराचे पोटेन्शिओमीटर, बारीक वायर आणि घाईने दिलेले डाख दिसतात. बिघाडांचे घर म्हणजे केबल जोडायचा जॅक. तो ढिला होऊन फिरतो आणि आतली वायर पिळून तुटते. कसताना तो आतून धरून ठेवावा. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना करकर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा बहुधा पुरतो. बटण दहावरून तीनपर्यंत आणताना काहीच फरक न पडता शेवटी आवाज एकदम गडप होत असेल, तर तिथे ऑडिओ टेपरऐवजी लिनियर टेपरचा पोटेन्शिओमीटर बसवलेला आहे. कानाला आवाजाची वाढ ज्या पायऱ्यांनी जाणवते त्याला ऑडिओ टेपर जुळतो. मूल्यही महत्त्वाचे: एका वेटोळ्याच्या सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहम, दोन वेटोळ्यांच्या हंबकरला ५०० किलोओहम. चुकीच्या मूल्याने आवाज मंद किंवा कर्कश होतो. पूर्ण आकाराचे पोटेन्शिओमीटर बसवायला पिकगार्डची भोके मोठी करावी लागतात, आणि पातळ बॉडीत उंच उघडा स्विच मावत नाही, याची मापे आधीच घ्यावीत. टोनच्या कॅपॅसिटरवर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरॅड हे मूल्य नेमके असले की स्वस्त आणि महाग यांत ऐकू येण्यासारखा फरक राहत नाही.

सिंगल कॉइल गिटारीची गुणगुण हा वेगळा विषय आहे. तिचे वेटोळे घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचे क्षेत्र टिपते. पिकअपच्या खड्ड्यांना तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडली की भोवतालच्या वायर, ट्यूबलाइट आणि उपकरणांतून येणारी खरखर कमी होते. चुंबकीय गुणगुण मात्र पट्टीने जात नाही. ती घालवायला दोन उलट वेटोळ्यांचा हंबकर लागतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्याला तो घडवला. आपल्याकडे आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक तपासावी लागते. गिटारीच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याचे बोट थेट त्या जोडणीवर असते. जुन्या घरांत आणि मंडपांत भिंतीवरच्या सॉकेटची तिसरी पिन बऱ्याचदा नुसती शोभेची असते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर अ‍ॅम्प लावल्यास गुणगुण वाढतेच, शिवाय बिघाड झाल्यास शॉकचा जीवघेणा धोका राहतो. सॉकेट वायरमनकडून तपासून घेणे हे कुठल्याही पिकअपपेक्षा आधीचे काम आहे.

पिकअप बदलण्याचा धंदा मुळात गिटारवादकांच्या असमाधानातून उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुपर डिस्टॉर्शन हा सुटा विकत मिळणारा पिकअप आणला, आणि सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ मध्ये उभी राहिली. त्याच दशकात एडी व्हॅन हेलन यांनी सुमारे ५० डॉलरची नाकारलेली बॉडी आणि ८० डॉलरचा नेक जोडून, त्यात गिब्सनचा एक जुना हंबकर आणि व्हॉल्यूमचे एकच बटण बसवून स्वतःची गिटार बनवली. १९७८ मधल्या त्यांच्या बँडच्या पहिल्या अल्बमवर तीच ऐकू येते.

स्वस्त सिंगल कॉइल पिकअपमध्ये सहा पोलादी खुंटांच्या खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. महाग पिकअपमध्ये प्रत्येक खुंट स्वतःच अल्निको, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा चुंबक असतो. पहिल्या प्रकारचा आवाज जास्त दाट आणि काहीसा बोथट येतो, दुसऱ्याचा अधिक मोकळा आणि उघडा. पण सिरॅमिक म्हणजे हलके, हे समीकरण चुकीचे आहे. सुपर डिस्टॉर्शनचे चुंबक सिरॅमिकच आहे. पिकअप बदलायचे असतील तर आधी कोणता आवाज हवा हे ठरलेले असावे. सराव लहान अ‍ॅम्पवर भरपूर डिस्टॉर्शन लावून होत असेल तर नव्या पिकअपचा फरक त्यात बुडून जातो, आणि तोच पैसा चांगल्या अ‍ॅम्पवर घातला तर कितीतरी पट जास्त ऐकू येतो.

काही दोषांना इलाज नसतो आणि ते दुकानातच ओळखून गिटार परत ठेवावी लागते. हेडस्टॉककडून पाहताना नेकला पीळ दिसत असेल, पहिली किंवा सहावी तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरत असेल, सॅडल शेवटपर्यंत मागे नेऊनही बारावी फ्रेट सुरात येत नसेल, ट्रस रॉड आधीच पूर्ण कसलेला असेल, तर सवलत कितीही मोठी असो, ती गिटार घेऊ नये. रंगावरचा ओरखडा, हलकी बटणे, साधे पिकअप यांकडे मात्र काणाडोळा करता येतो. एकाच मॉडेलच्या तीन-चार गिटारी हाताळून सर्वांत चांगला नेक असलेली निवडावी, कारण स्वस्त मालात नगागणिक फरक जास्त असतो.

सुधारणांचा खर्च विकताना वसूल होत नाही, हेही आधीच हिशेबात धरावे. १५ हजारांच्या गिटारीत १५ हजारांचे भाग घातले तरी जुन्या बाजारात ती १५ हजारांची गिटार म्हणूनच विकली जाते. म्हणून काढलेले मूळ भाग स्क्रूंसकट, चिठ्ठी लावून जपून ठेवतात. विकण्यापूर्वी ते परत बसवता येतात, आणि नव्या खुंट्या व पिकअप मापे जुळली तर पुढच्या गिटारीला लागतात.